स्टेक कशाचा, हे मेन्यूवर लिहा

संपादक महोदय,

शहरातील नव्या, उंची रेस्तराँची ओळख करून देणारे लेख आपल्या रविवार पुरवणीत येत असतात आणि आमच्या घरी ते आवडीने वाचले जातात. अशाच एका लेखामुळे आमच्या मुलीने व जावयाने माझा पासष्टावा वाढदिवस पुण्याच्या लष्कर भागातील एका स्टेकहाउसमध्ये, म्हणजे स्टेक (मांसाचा भाजलेला जाड तुकडा) ही खासियत असलेल्या रेस्तराँमध्ये, साजरा करायचे ठरवले. दिवस आखाडातला रविवार होता, म्हणजे श्रावण लागण्यापूर्वी सामिष खाण्याची हौस भागवून घेण्याचा. त्या रेस्तराँचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण नंतर आणखी दोन ठिकाणचे मेन्यू मी मुद्दाम पाहिले आणि माझी तक्रार त्या दोन्हींनाही तंतोतंत लागू पडते.

आम्ही पिढ्यानपिढ्या मांसाहारी आहोत आणि कोणी काय खावे या वादात मला शिरायचे नाही. तेथील दर जास्त आहेत, अशीही माझी ओरड नाही. लष्करातल्या मोक्याच्या जागेचे भाडे, वातानुकूलन, पांढरे टेबलक्लॉथ हे सगळे दरात येणार, हे बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको. जागा देखणी होती, माणसे अदबीने वागत होती आणि खुर्च्या माझ्या गुडघ्यांना मानवतील इतक्या उंच होत्या.

अडचण मेन्यू कार्डापासून सुरू झाली. दिवे इतके मंद होते की पत्नीने चष्मा लावूनही शेवटी मोबाइलची बॅटरी पेटवली आणि काळ्या कागदावरची बारीक सोनेरी अक्षरे एकेक करून वाचू लागली. टेंडरलॉइन, फिले, हाउस कट अशी नावे होती. प्रत्येक नावाखाली दोन-दोन ओळींत सॉस, मशरूम, बटाट्याचा लगदा, कोणत्या लाकडाच्या निखाऱ्यावर भाजले, इतका तपशील होता. मांस कोणत्या प्राण्याचे, हे मात्र एकाही ठिकाणी लिहिलेले नव्हते. ‘अहो, पण हे कशाचं?’ असे पत्नीने मला विचारले आणि मी वेटरला विचारले. ‘टेंडरलॉइन आहे, सर,’ असे उत्तर त्याने इंग्रजीत दिले. टेंडरलॉइन हा प्राणी नाही, असे मी मराठीत म्हटल्यावर त्या विशी-बाविशीतल्या मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, त्याने एकदा मागे वळून पाहिले आणि हलक्या आवाजात सांगितले, ‘काका, मोठ्याचं आहे. म्हशीचं. कुणी विचारलं तरच सांगायचं, असं आम्हाला सांगितलंय.’

माझी पत्नी मोठ्याचे मटण खात नाही. जावयाला ते चालते, आवडते. दोघांच्याही आवडीनिवडीचा मान राखायला त्या मेन्यूवर एकच शब्द पुरेसा होता आणि तोच तेवढा गाळलेला होता. आम्ही विचारले नसते, तर पत्नीने ‘हाउस कट’ हे मटणाचेच काहीतरी असेल अशा समजुतीने मागवले असते, याविषयी मला शंका नाही, कारण तिने त्यावर बोट ठेवलेलेच होते.

हा शब्द का गाळला जातो, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीवर महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ नुसार आधीपासूनच बंदी होती. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि त्या मार्चपासून बैल व वळू यांचीही कत्तल बंद झाली. म्हशी-रेड्यांना ही बंदी लागू नाही. परदेशातून गोमांस आयात करण्यास देशभर मनाई आहे. तेव्हा पुण्यात मोठ्या जनावराचा स्टेक म्हणजे बहुतेक वेळा म्हशीचाच, हे उघड आहे. परंतु मेन्यूवर ‘बीफ’ लिहावे तर नको ती चौकशी मागे लागण्याची भीती आणि ‘म्हैस’ लिहावे तर सोळाशे-सतराशे रुपयांच्या पदार्थाचा तोरा उतरण्याची भीती, अशा कात्रीत सापडलेल्या व्यावसायिकांनी ‘टेंडरलॉइन’ या नावाचा आडोसा घेतलेला दिसतो. त्यातून मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये कत्तलबंदी कायम ठेवताना, परराज्यातून आणलेले गोमांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. म्हणजे कायदा ठाऊक असलेल्या ग्राहकालाही केवळ कायद्याच्या आधारे आपल्या ताटात काय आले आहे हे खात्रीने सांगता येणार नाही. ते ज्याने विकत आणले, कापले आणि शिजवले, त्यानेच सांगितले पाहिजे.

याच्या शेजारी आमच्या नेहमीच्या मटणाच्या दुकानाची रीत ठेवून पाहावी. रविवारी सकाळी तेथे रांग लावली की बोकड समोर टांगलेला असतो आणि त्याच्या अंगावर तपासणीचा शिक्का असतो. दुकानदार आधी ‘रस्सा की सुकं?’ असे विचारतो, मग मांडीचे देऊ का, चाप किती, सीना चालेल का, नळी टाकू का, चरबी ठेवू की काढू, अशी उलटतपासणी घेतो आणि आपल्या डोळ्यांदेखत तुकडे करून काट्यावर टाकतो. काटा स्थिर झाल्याशिवाय तो पिशवीला हात लावत नाही. या दुकानात ना दिवे मंद असतात, ना कोणी खुर्ची ओढून देते. पण आपण घरी काय नेतो आहोत, जनावर कोणते, भाग कोणता, वजन किती आणि पैसे किती, या पाचही गोष्टी ग्राहकाला पैसे देण्यापूर्वी कळलेल्या असतात. त्या दुकानाच्या कितीतरी पट दर लावणाऱ्या ठिकाणी यांपैकी निम्म्या गोष्टी विचारल्यावर कळाव्यात आणि उरलेल्या निम्म्या कळूच नयेत, हे मला अजून पटलेले नाही.

पदार्थाशेजारी शाकाहारी-मांसाहारीची खूण असते, असे कोणी म्हणेल. हिरवा ठिपका शाकाहाराचा आणि तपकिरी त्रिकोण मांसाहाराचा, हे आता लहान मुलेही जाणतात. परंतु त्या एकाच त्रिकोणाखाली अंडे, कोळंबी, कोंबडी, डुक्कर आणि म्हैस हे सगळे एकत्र नांदतात. शाकाहारी माणसाला ही खूण पुरते. मांसाहारी माणसाला तिचा काडीचा उपयोग नाही. आपल्याकडे मांसाहारी म्हणवणाऱ्यांमध्ये कोणी मोठ्याचे खात नाही, कोणी डुकराचे खात नाही, कोणाला फक्त हलाल चालते, कोणी मासळीपलीकडे जात नाही. किती घरांत तर हे सगळे नियम एकाच पंगतीत, माणसागणिक वेगळे असतात.

पत्नीने शेवटी मासा मागवायचे ठरवले. मेन्यूवर ‘आजची ताजी मासळी’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव होते. आता आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, हे मासळी खाणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे; आम्ही गेलो तेव्हा जुलै चालू होता. छोट्या बिगरयांत्रिक होड्यांना मुभा असते, हे खरे, पण ती मासळी किनाऱ्यावरच संपते. आजची ताजी मासळी कोणती, असे विचारल्यावर वेटर आत गेला, परत आला आणि म्हणाला, ‘बासा.’ बासा हा तळ्यात वाढवलेला, बिनकाट्याचे तुकडे करून गोठवून येणारा मासा आहे. खायला तो वाईट नाही आणि पावसाळ्यात हॉटेलाने तो ठेवणे अगदी समजण्यासारखे आहे. मात्र त्याला ‘बासा’ म्हणण्यात कमीपणा का वाटावा? पत्नीने तोच मागवला आणि खाल्ला, हेही येथे नमूद करतो.

काही वर्षांपूर्वी मी मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा डॅलस शहराच्या मध्यवस्तीतील एका मोठ्या स्टेकहाउसमध्ये तो मला घेऊन गेला होता. तुलना करणे मला आवडत नाही, पण ज्यांच्याकडून हा पदार्थ आपण उचलला त्यांच्याकडून नेमके काय उचलले, हे पाहणे भाग आहे. तेथील मेन्यूवर प्रत्येक स्टेकपुढे त्याचे औंसांतील वजन होते; मी मागवलेला बारा औंसांचा, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅमचा होता. मांसाची प्रत लिहिलेली होती. अमेरिकेचे कृषी खाते मांसातील चरबीची जाळी आणि जनावराचे वय पाहून प्राइम, चॉइस, सिलेक्ट अशी प्रतवारी करते, हे मला तेथे त्या मेन्यूमुळेच समजले. तळाशी, कमी शिजलेले मांस खाण्यात धोका असू शकतो, अशी सूचना होती. वेटरबाईंनी आत लाल, मध्यम गुलाबी आणि पूर्ण शिजलेला यांतला फरक न कंटाळता सांगितला आणि माझे वय पाहून असेल, पण मध्यमच घ्या, असा सल्लाही दिला.

इथे मात्र जावयाला ‘मीडियम ऑर वेल डन?’ एवढेच विचारले गेले. त्याने मीडियम सांगितले आणि आला तो आतपर्यंत तपकिरी झालेला, कडेला वळलेला तुकडा. टेंडरलॉइन, म्हणजे शिवाजी मार्केटात ज्याला अंडरकट म्हणतात तो भाग, जनावराच्या पाठीच्या कण्याखाली आतल्या बाजूला असतो. चालण्या-ओढण्याच्या कामात त्याला फारसे कष्ट पडत नसल्याने तो सगळ्यांत मऊ असतो आणि म्हणून सगळ्यांत महागही. म्हशीच्या मांसात चरबी कमी असते. त्यामुळे ते आचेवर दोन मिनिटे जास्त राहिले तरी कोरडे पडते. मध्यम स्टेकचा गाभा साठ अंश सेल्सिअसच्या थोडा वर गेला की तो उतरवावा लागतो आणि कापण्यापूर्वी काही मिनिटे तसाच ठेवावा लागतो, नाहीतर रस ताटलीत वाहून जातो. म्हणजे म्हशीचा स्टेक नीट भाजणे हे परदेशी चरबीदार मांसापेक्षा अधिक कसबाचे काम आहे. ज्या रेस्तराँला ते साधते, त्याने म्हशीचे नाव लपवायचे काही कारण नाही; उलट ते मिरवावे. ज्याला साधत नाही, त्याची गोष्ट वेगळी.

वजनाविषयी थोडे सांगतो. मेन्यूवर २५० ग्रॅम असे लिहिले होते. हे कच्च्या मांसाचे वजन असते आणि भाजताना पाणी व चरबी गेल्यावर ते साधारण पाव हिश्श्याने घटते. यात लबाडी काही नाही, जगभर हीच पद्धत आहे. ‘कच्चे वजन’ एवढे दोन शब्द पुढे लिहिले, तर ताटातला तुकडा पाहून कोणाला फसल्यासारखे वाटणार नाही.

आता बिलाकडे येतो. सूप, तीन मुख्य पदार्थ, एक भाजीचे ताट, एक गोड पदार्थ आणि पाण्याच्या दोन बाटल्या मिळून ५,८०० रुपये झाले. पाण्याची बाटली २०० रुपयांना होती. छापील किमतीपेक्षा जास्त दराने पाणी विकण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलांना दिलेली असल्यामुळे दराविषयी मी बोलत नाही. साधे पाणी हवे की बाटलीतले, हे विचारण्यापूर्वीच झाकण फिरवल्याचा आवाज आला, एवढेच नोंदवतो. या ५,८०० रुपयांवर दहा टक्के सर्व्हिस चार्ज म्हणून ५८० रुपये लावलेले होते आणि मग त्या एकत्रित ६,३८० रुपयांवर पाच टक्के जीएसटी, म्हणजे ३१९ रुपये. एकूण ६,६९९. सर्व्हिस चार्ज नसता, तर हाच आकडा ६,०९० झाला असता. सहाशे नऊ रुपयांच्या या फरकात एकोणतीस रुपये, जे शुल्क देणे बंधनकारकच नाही त्यावरचा कर म्हणून आलेले होते, हे माझ्यातल्या बँकवाल्याला विशेष खटकले.

व्यवस्थापकांना विचारल्यावर त्यांनी प्रथम हा सरकारी नियम असल्याचे सांगितले. जीएसटी हा सरकारचा आणि सर्व्हिस चार्ज हा तुमचा, असे मी म्हटल्यावर हे हॉटेलचे धोरण असून मेन्यूच्या शेवटच्या पानावर तसे लिहिले असल्याचे सांगितले. तेही पान मी बॅटरीच्या उजेडात पाहिले, होते खरे. मग मी त्यांना सांगितले की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणत्याही हॉटेलला वा रेस्तराँला सर्व्हिस चार्ज आपणहून बिलात लावता येत नाही, दुसऱ्या नावाने वसूल करता येत नाही आणि तो जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटीही आकारता येत नाही. हॉटेल व्यावसायिकांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, काही काळ सूचनांना स्थगितीही होती. परंतु २८ मार्च २०२५ रोजी त्या न्यायालयाने या सूचना ग्राह्य ठरवल्या आणि संघटनांच्या याचिका फेटाळल्या. हे ऐकल्यावर त्यांनी बिल बदलून देण्याचे मान्य केले. बदललेले बिल यायला वीस मिनिटे लागली आणि त्या वीस मिनिटांत शेजारच्या दोन टेबलांवरील मंडळी आमच्याकडे, आम्ही भांडी घासायला नकार दिल्यासारखे पाहत होती. ‘आजच्या दिवशी जाऊ द्या ना, बाबा,’ असे मुलगीही म्हणाली. बहुतेक लोक येथेच माघार घेत असतील, कारण वाढदिवसाच्या रात्री सहाशे रुपयांसाठी वाद घालणारा माणूस कोणालाच व्हायचे नसते, आणि हे शुल्क टिकून आहे ते या संकोचावरच.

डॅलसमध्येही आम्ही बिलावर अठरा टक्के टीप दिली होती, हे जावयाने मला घरी येताना ऐकवले. ते बरोबर आहे. पण तेथे टिपेवर काम करणाऱ्या वेटरला मालकाने द्यायची किमान रोख मजुरी केंद्रीय कायद्यानुसार ताशी २.१३ डॉलर आहे आणि टेक्साससारख्या राज्यात तोच दर चालतो. उरलेली कमाई टिपेतून व्हावी, अशीच ती व्यवस्था आहे. ती न्याय्य आहे की नाही, हे तेथील लोक पाहतील. आपण त्यातला ग्राहकाकडून टक्केवारी घेण्याचा भाग तेवढा उचलला. सर्व्हिस चार्जमधले किती तुला मिळतात, असे मी त्या मुलाला विचारले, तेव्हा तो नुसता हसला आणि ताटल्या उचलू लागला. आम्ही त्याला पाचशे रुपये रोख, हातात दिले. ज्याने विचारल्यावर का होईना, खरे सांगितले, त्याचा तेवढा हक्क होता.

माझी मागणी फार मोठी नाही. मेन्यूवर प्रत्येक मांसाहारी पदार्थापुढे प्राण्याचे नाव लिहावे, म्हशीचे असेल तर म्हशीचे. मासळीचे खरे नाव लिहावे. वजन कच्चे असेल तर तसे लिहावे. आणि करासह किती पैसे पडतील, हा आकडा जेथे पदार्थाचे नाव आहे तेथेच असावा. हे सगळे मराठीतही असावे. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात, यासाठी राज्याने २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत घालून दिली; त्यानुसार या स्टेकहाउसच्या दारावरही नाव ठळक मराठीत झळकते आहे. दाराच्या आत मात्र मराठीचा पत्ता नाही. अन्न व औषध प्रशासनाने आणि हॉटेल व्यावसायिकांच्या स्थानिक संघटनांनी याचा विचार करावा. आपल्या पुरवणीतील परीक्षणांनाही विनंती आहे की सजावटीला दोन परिच्छेद दिल्यावर बिलात सर्व्हिस चार्ज होता का, या एका वाक्यालाही जागा द्यावी. ज्या वाचकांना असा अनुभव येईल, त्यांनी आधी बिल बदलून मागावे आणि न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

हे सर्व मी त्या रेस्तराँलाही सविस्तर लिहून कळवले होते. आठ दिवसांनी अतिशय नम्र उत्तर आले. माझ्या सूचना ‘संबंधितांपर्यंत पोहोचवल्या’ असल्याचे त्यात म्हटले होते आणि सोबत, सोमवार ते गुरुवार वापरता येईल असे, पुढच्या भेटीसाठी वीस टक्के सवलतीचे कुपन होते. श्रावण सुरू असल्याने ते सध्या फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावून ठेवले आहे. काल पत्नीने चष्मा लावून ते नीट वाचले. खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे, ‘सर्व्हिस चार्ज वेगळा.’

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
सदाशिव पेठ, पुणे